नऊ नंबरचा गुडघा

बेलव्ह्यूला आल्यावर पहिलं दीड वर्ष तू काय केलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, पोळ्या गोल करायला शिकले. लोक हसतात, पण ते खोटं नाही. पुण्यात एका हॉस्पिटलात मी पाच वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. सकाळी आठपासून हाडं, सांधे, स्नायू, आणि पेशंटच्या सासवा. पोळ्यांकडे बघायला वेळ कुणाला होता? २००४ मध्ये लग्न होऊन मी अमेरिकेत आले, ती नवऱ्याच्या व्हिसाला शेपटीसारखा जोडलेला व्हिसा घेऊन. त्या व्हिसावर राहता येतं, शिकता येतं, फिरता येतं. काम करता येत नाही.

काम करायची परवानगी पुढेमागे मिळालीच तर निदान लायसन्स तयार असावं म्हणून मी माझी डिग्री तपासायला पाठवली. तीन महिन्यांनी उत्तर आलं की शरीरशास्त्राचे तास भरपूर आहेत, पण इतिहास, समाजशास्त्र आणि इंग्रजी निबंधलेखन कमी पडतं. म्हणजे गुडघा मला पुरता कळत होता, पण अमेरिकेची यादवी कळल्याशिवाय त्याला हात लावता येणार नव्हता. मी जवळच्या कॉलेजात नाव घातलं आणि उरलेला दिवस खिडकीत बसून काढू लागले. आई फोनवर विचारायची, दिवसभर काय करतेस गं? मी म्हणायचे, खूप काही असतं. फोन ठेवल्यावर रडायला यायचं. रडून झालं की भांडी घासायला घ्यायचे, कारण ती तरी आपली वाटत.

आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक मैदान होतं. २००५ च्या शरद ऋतूत तिथे मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बायका रग्बी खेळायला येऊ लागल्या. रग्बी म्हणजे लंबगोल चेंडू घेऊन धावायचं आणि धावणारीला बाकीच्यांनी मिळून जमिनीवर पाडायचं, एवढंच मला खिडकीतून समजलं होतं. त्या भुरभुर पावसात चिखलाने माखून एकमेकींवर आदळत आणि उठून हसत. मला त्यांचा राग यायचा. असलं शरीर असताना ते असं वापरायचं म्हणजे माज आहे, असं वाटायचं. खरं म्हणजे तो मत्सर होता.

एका गुरुवारी मी चक्कर मारायला म्हणून मैदानाच्या कडेने चालले होते. त्यांची कर्णधार, स्कूलबस चालवणारी एक धिप्पाड बाई, बाकावर बसलेल्या एका लहानखुऱ्या मुलीच्या घोट्याला चिकट टेप लावत होती. गोल गोल गुंडाळत, ओढून, जशी आपण पार्सलला लावतो तशी. मुलीची बोटं पांढरी पडायला लागली होती. मी दोन पावलं पुढे गेले, परत आले, पुन्हा गेले. हात शिवशिवत होते. शेवटी न राहवून मी म्हटलं, असं नाही, थांबा. आणि कुणी काही विचारायच्या आत खाली गुडघे टेकून तो टेप फाडून काढला आणि नीट लावून दिला. टाचेखालून वर, आधी आतल्या बाजूने, मग बाहेरच्या. एवढ्या सगळ्याला चार मिनिटं लागली असतील. त्या चार मिनिटांत माझं दीड वर्ष कुठल्या कुठे गेलं.

ती लहानखुरी मुलगी उठली, पाय आपटून बघितला, आणि कमरेत वाकून मला म्हणाली, "थँक यू, सेन्सेई."

ती जपानी होती. सेन्सेई म्हणजे शिक्षक, पण डॉक्टरांनाही त्यांच्याकडे तसंच म्हणतात, हे मला तिने नंतर सांगितलं. त्या दिवशी अर्थ कळला नव्हता, पण कुणीतरी मला काहीतरी म्हटलं होतं हे कळलं. त्याआधी मी फक्त अमक्याची बायको होते. इंडियन दुकानातल्या काकूसुद्धा मला नवऱ्याच्या कंपनीच्या नावाने ओळखायच्या.

तिची जर्सी नऊ नंबरची होती, म्हणून संघात सगळ्या तिला नाइन म्हणत. घोळक्यातून बाहेर आलेला चेंडू उचलून पुढच्या खेळाडूकडे फेकायचा, ही नऊ नंबरची जागा. उंची कमी चालते, डोकं आणि मनगट लागतं. ती जपानच्या राष्ट्रीय संघातून खेळली होती. काही सामने खेळून दोन वर्षांपूर्वी वगळली गेली होती, कारण अंगावर येणाऱ्या खेळाडूला ती थांबवू शकत नाही, असं तिथल्या प्रशिक्षकांचं मत झालं. ती एका बालवाडीत शिकवायची. ती नोकरी सोडून, विद्यार्थी म्हणून व्हिसा घेऊन ती अमेरिकेत आली, का, तर इथल्या बायका तिच्या दुप्पट वजनाच्या आहेत. यांना पाडायला शिकले तर मला परत घेतील, असं तिचं साधं गणित होतं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मला वाटायचं, वेड्यांच्या इस्पितळातल्या दोन खाटा शेजारी शेजारी आल्या आहेत.

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आणि गुरुवारी मी तिथे जाऊ लागले. साडेपाचला माझ्यासमोर रांग लागायची. मी आठवडाभर त्या दोन दिवसांसाठी जगत होते, यात अतिशयोक्ती नाही. नवऱ्याला पहिल्यांदा मजा वाटली. मग त्याने ऑफिसमधल्या कुणाकडून तरी काहीतरी ऐकलं आणि घाबरला. "अगं, पैसे घेत नसलीस तरी प्रॅक्टिस विदाउट लायसन्स म्हणतात त्याला," तो म्हणाला. "उद्या ग्रीन कार्ड फाइल करायचंय यार आपल्याला." मी म्हटलं, टेप तर लावते फक्त, आई मुलाला मोजे घालते तसं. पण तेव्हापासून भीती माझ्याही पोटात जाऊन बसली. इथे आलेल्या आमच्यासारख्यांना पोलीस, चोर, वादळ यांची भीती वाटत नाही, फाइलची वाटते.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जपानहून तिला मेल आली. आशियातल्या संघांची स्पर्धा तोंडावर होती आणि जूनमध्ये निवड शिबिर होतं. त्यासाठी तिला बोलावलं होतं. ती मैदानावर मेलचा कागद घेऊन आली आणि मला सगळ्यात आधी दाखवला. अक्षरं जपानी होती, मला काय कळणार? तरी मी तो कागद खालपर्यंत वाचल्यासारखा केला. तिने हसू दाबून धरलं होतं आणि तिचे कान लाल झाले होते. त्या आनंदात मला माझाही वाटा दिसत होता. हिला मी उभी केली, असं मी मनात म्हणत होते.

दहाच दिवसांनी, शनिवारच्या सामन्यात, तिने चेंडू उचलून एकदम दिशा बदलली आणि कुणी धक्का न लावता खाली बसली. मी कडेला उभी होते. कुणी धक्का न लावता खेळाडू बसते तेव्हा काय झालेलं असतं ते फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीही सांगेल. ती उठली, पाय झटकला आणि शेवटपर्यंत खेळली. सामना संपल्यावर मला म्हणाली की आतून टक्‌ असा आवाज आला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या घरी आली. गुडघा नारळाएवढा सुजला होता. मी तिला गालिच्यावर झोपवलं. एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने गुडघ्याखालचं नडगीचं हाड पुढे ओढायचं. आतलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी, शाबूत असेल तर हाड थोडं सरकतं आणि दोरी ताणली जाऊन ठामपणे अडकतं. मी आधी चांगला पाय तपासला. अडकला. मग दुखरा पाय धरला. तो सरकला आणि सरकतच राहिला. कुठे काही अडकलंच नाही. मी पुन्हा बघितलं. पाच वर्षांत असे कितीतरी गुडघे माझ्या हातांखालून गेले होते, आणि त्यांच्या मालकांना मी तोंडावर सांगितलं होतं की ऑपरेशन, आणि मग वर्षभर खेळ बंद.

ती कोपरांवर उठून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. कर्णधार बाईंनी तिला डॉक्टरांकडे जायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "सेन्सेई जा म्हणाल्या तर जाईन. मला जूनमध्ये खेळता येईल का?"

इथे मी फिरवून सांगणार नाही. मला माहीत होतं की तिचं लिगामेंट तुटलं आहे. हे सांगितलं की ती डॉक्टरांकडे जाणार, तिथून जपानला परत जाणार, आणि तिच्याबरोबर माझं सेन्सेईपण जाणार, हेही माहीत होतं. हे सगळं एका क्षणात मनात आलं, आणि वर एक भामटा विचारही आला की मला इथे निदान करायचा अधिकारच नाही, मग मी कशी सांगू? अधिकार नसताना मी सात महिने टेप लावत होते, ते मात्र चाललं होतं. मी म्हटलं, "मुरगळलाय. सूज उतरली की व्यायाम करू. होईल."

ती परत आडवी झाली आणि डोळ्यांवर हात ठेवून रडली. सुटकेचं रडणं होतं ते. मी स्वयंपाकघरात जाऊन बर्फ आणला.

मग सहा आठवडे मी तिच्यावर जशी मेहनत घेतली तशी आजवर कुठल्या पेशंटवर घेतली नसेल. रोज दुपारी ती यायची. मांडीचे पुढचे मागचे स्नायू मी असे बांधून काढले की त्यांनी गुडघा धरून ठेवावा. ते काही दिवस चालतं, काही जण तसे आयुष्यभर चालतात, असं मी स्वतःला सांगत होते. सरळ रेषेत ती चांगली पळायला लागली. वळताना मात्र तिचा चेहरा क्षणभर कोरा व्हायचा. मी तिला स्वतःच्या हाताने टेप लावायला शिकवलं. तीन वेळा खरं सांगायचं ठरवलं. एकदा तर तिच्या गाडीत बसून तोंड उघडलंसुद्धा, आणि विचारलं काय, तर जेवलीस का. तिने रात्रीच्या भाताचे गोळे करून आणले होते, त्यातला एक मला दिला.

तिला आतून कळलंच असणार, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. शरीर तिचं, तिला कसं कळणार नाही? पण तसं नव्हतं. तिला शंका आली असती तर ती शंका तिने माझ्यापुढे ठेवली असती आणि मी सांगितलं ते मानलं असतं. तिचा माझ्यावर विश्वास होता, इतकं ते सरळ होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात ती शिबिराचा फॉर्म घेऊन आली. त्यात गेल्या सहा महिन्यांतल्या दुखापती आणि उपचार करणाऱ्याचं नाव, असे दोन रकाने होते. ती म्हणाली, मुरगळल्याचं लिहिते आणि तुमचं नाव, डिग्री लिहिते, म्हणजे त्यांनाही खात्री वाटेल. तिला ते माझ्या सन्मानाचं वाटत होतं. मला मात्र आधी फाइल दिसली. नाव जपानला जाईल, तिथून कुणी इथल्या रग्बी क्लबला विचारेल, क्लबकडून कुठे जाईल आणि आमच्या फाइलवर काय चढेल, कुणास ठाऊक. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"माझं नाव नको," मी म्हटलं. "मी तुला तपासलं हे कुणालाच सांगू नकोस. माझ्या व्हिसाचा प्रश्न आहे. तो रकाना रिकामा ठेव."

तिने पेन खाली ठेवलं आणि मान हलवली. व्हिसा म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने दोन्ही रकाने रिकामे ठेवले, कारण दुखापत लिहिली तर उपचार कुणी केले ते विचारतील. विमानतळावर सोडायला मी गेले होते. तिच्या बॅगेत मी टेपची बारा रिळं भरली होती.

जुलैत तिची मेल आली. तिच्या साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. पहिले दोन दिवस उत्तम गेले. अंगावर आलेल्या तीन जणींना तिने पाडलं आणि प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर तसं बोलून दाखवलं. तिसऱ्या दिवशी वळताना गुडघा गेला, आणि या वेळी आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादीही फाटली. एमआरआय काढल्यावर डॉक्टरांना दिसलं की लिगामेंट जुनंच तुटलेलं आहे. त्यांनी विचारलं, हे कुणी तपासलं होतं? तिने सांगितलं, कुणी नाही. टेप कोण लावत होतं? मीच.

म्हणजे तिने जाणूनबुजून दुखापत लपवली, असा अर्थ निघाला. निघणारच. तिला जागा दिली म्हणून विद्यापीठातल्या एका तरुण मुलीचं नाव यादीतून काढलं होतं. नाइन कुबड्या घेऊन त्या मुलीच्या घरी गेली आणि तिच्या आईवडिलांसमोर वाकून क्षमा मागून आली. खेळणं तर संपलंच होतं. पण तिला वाटत होतं की पुढेमागे त्याच संघाला शिकवायला मिळेल, चेंडू गोळा करायला तरी. प्रशिक्षकांनी सांगितलं की जी संघाशी खोटं बोलली तिला मैदानाजवळ उभं करता येणार नाही. मेलच्या शेवटी तिने लिहिलं होतं की काळजी करू नका, तुमचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही.

मी ती मेल उभ्या उभ्या वाचली आणि मग जमिनीवर बसले. तिथल्या तिथे मी त्यांच्या डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. माझं शिक्षण, महाराष्ट्रातला माझा नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख, मला काय आढळलं आणि मी तिला काय सांगितलं. खेळाडूला याची कल्पना नव्हती, तिने फसवलेलं नाही, तिला मी फसवलं. त्याहून स्पष्ट इंग्रजी मी कधी लिहिलं नसेल. कॉलेजातल्या निबंधाच्या बाई खूश झाल्या असत्या.

नवरा घरी आला तेव्हा मी त्याला ते वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला असता तर फार बरं झालं असतं, मी भांडले असते आणि भांडणाच्या भरात पाठवून मोकळी झाले असते.

"पाठवू नकोस असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "फक्त एवढंच, की मग तुला इथे लायसन्स कधीच मिळणार नाही. लेखी आहे ना सगळं. तू ठरव."

मी ठरवलं नाही. उद्या बघू म्हटलं. मग परवा. मग कॉलेजची परीक्षा आली. तिला मी उत्तर लिहिलं की वाईट वाटलं, ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात अमुक व्यायाम कर, घाई करू नकोस. तिने आभार मानले. मग मंगळवार-गुरुवार मी खिडकीचे पडदे ओढून घ्यायला लागले. कर्णधार बाई एकदा दारात येऊन गेल्या. मी दार उघडलं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून मी ते वर्ष काढलं, आणि मग पुढचं.

२००७ मध्ये आमचा ग्रीन कार्डचा अर्ज गेला आणि मला काम करायची परवानगी मिळाली. इतिहास आणि समाजशास्त्राचे तास तोवर भरले होते. नाइनचं आता वर्षातून एखादं पत्र यायचं. ती पुन्हा बालवाडीत शिकवत होती आणि जिने चढताना कठड्याला धरत होती. तिने विचारलं होतं की सेन्सेई, तुमचं लायसन्स झालं का?

२००८ च्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, मी लायसन्सचा अर्ज भरायला बसले. नवरा शेजारी चहा पीत होता. शेवटच्या पानावर हो आणि नाहीचे चौकोन होते. कधी शिक्षा झाली आहे का? नाही. कुठलं व्यसन आहे का? नाही. लायसन्स नसताना या देशात आपण कुणाला तपासलं किंवा उपचार केले आहेत का?

नवऱ्याने कप खाली ठेवला. आता 'हो' म्हटलं आणि ते पत्र पाठवलं तरी तिला काय मिळणार, असं मी मनाशी म्हटलं, आणि तिला काय मिळेल ते मला नीट माहीत होतं. तिथल्या मैदानाच्या कडेला उभं राहता आलं असतं.

मी 'नाही'वर खूण केली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनेही हेच सांगितलं होतं, कुणी नाही. तिने ते माझ्यासाठी सांगितलं. मीही माझ्यासाठीच.